एका धड्याच्या चार पावत्या

प्रिय ताई,



परवा फोनवर तू जरा रागानेच विचारलंस, "चार वर्षं इंजिनिअरिंग करून आलेल्या पोरांना तुम्ही तिथे परत शिकवायला बसवता, मग आधीची सोळा वर्षं आम्ही सगळ्यांनी केलं काय?" फोनवर याचं उत्तर देता येत नाही. त्याला आकडे लागतात, आणि आकडे सुरू झाले की तू म्हणतेस, "भाषण नको, मुद्द्याचं बोल." म्हणून लिहितो आहे. चारचौघांत लिहितो आहे, कारण जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या कितीतरी जणांना हाच प्रश्न सलत असेल, आणि पोराच्या कॉलेजसाठी रान गहाण टाकणाऱ्या आईबापांनाही.

आधी मी कुठे बसून बोलतोय ते सांगतो. बंगळूरची इलेक्ट्रॉनिक सिटी म्हटलं की गावाकडच्यांच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती येतात. १९७८ मध्ये आर. के. बालिगांच्या कल्पनेतून केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत वसवली. १९८१ साली पुण्यात सुरू होऊन दोन वर्षांनी बंगळूरला आलेली इन्फोसिस पुढे इथेच मोठी झाली. पण नीलाद्री रोडने चालत निघालीस तर कंपन्यांपेक्षा दुसऱ्याच पाट्या जास्त दिसतील. एक पीजीची, तिच्या शेजारी क्लासची. जावा, पायथन, टेस्टिंग, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. पदवी मिळालेली पोरं एका खोलीत तिघं-तिघं राहून हे क्लास करतात. कंपन्यांच्या फाटकाच्या आतही तीच तऱ्हा. प्रत्येक मोठ्या कंपनीत शिकवण्याचं एक वेगळं खातं असतं. कॉलेजांतून फ्रेशर निवडायचे आणि निवडलेल्यांना प्रोजेक्टवर बसण्याजोगं करायचं, हे माझं काम त्याच खात्यातलं.

मुलाखतीत मी अवघड काही विचारत नाही. दहा ओळींचा एक उतारा देतो: एक दुकान, त्यात सवलतीचे तीन-चार नियम, कोणाला किती टक्के सूट. म्हणतो, हे नियम तुझ्या शब्दांत सांग. इंग्रजी चालेल, मराठी चालेल, हिंदी चालेल. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते. कोड तोंडपाठ असतो, पण समोरचा प्रश्न वाचून समजत नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणलेला असतो, त्यामुळे तो कसा चालतो हे विचारायची सोय नसते. आणि ताई, ही पोरं ढ नाहीत. त्यांच्याजवळ बसून नीट शिकवलं की त्यांतली बहुतेक काही आठवड्यांत मार्गाला लागतात. मला राग येतो तो याचाच. जे काही आठवड्यांत येतं, ते सोळा वर्षांत त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

शिक्षण नीट झालं नाही की देशाचं नुकसान होतं, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते आता टोचत नाही. देशाचं म्हणजे कोणाचंच नाही, असं वाटून जातं. इथे बसून मला दिसतं ते वेगळं. न शिकलेल्या धड्याचे पैसे हवेत विरत नाहीत, ते कोणीतरी भरतं. थकलेल्या कर्जासारखा तो धडा दरवर्षी महाग होत जातो, फक्त हप्ता भरणारा माणूस बदलत राहतो. माझ्या हिशोबाने एकाच धड्याच्या चार पावत्या फाटतात.

पहिली पावती सरकारची, म्हणजे कर भरणाऱ्या प्रत्येकाची. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच सहा टक्के आहेत, कारण मधल्या काळात आपण तिथे एकदाही पोचलो नाही. २००४ पासून करावर शिक्षणाचा उपकर लागला. आज तो आरोग्याशी जोडून चार टक्के आहे आणि माझ्या पगारातून न चुकता जातो. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावाने २००६-०७ पासूनच्या दहा वर्षांत गोळा झालेल्या ८० हजार कोटींहून अधिक रकमेसाठी वेगळा निधीच उभारला गेला नव्हता, हे महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं.

पण कमी म्हणा, जास्त म्हणा, जे खर्च होतात त्यांतून मिळतं काय? मुंबईच्या वस्त्यांत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी सुरू केलेली 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर'ची पाहणी करते. तिचे लोक घरी जातात, मुलासमोर दुसरीच्या पातळीचा उतारा धरतात आणि वाचायला सांगतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्क्यांना तो उतारा वाचता आला. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के. तिसरीत हातच्याची वजाबाकी जमली ३३.७ टक्क्यांना. २०२२ च्या मानाने हे आकडे सुधारलेले आहेत आणि त्याचं श्रेय तुझ्यासारख्यांना आहे, हे मला मान्य आहे. तरीही दुसरीच्या धड्याचे पैसे सरकारने पाचवीपर्यंत भरले आणि निम्म्या मुलांच्या बाबतीत तो धडा पोचवल्याची सही झालेली नाही, एवढं त्यातून उरतंच.

दुसरी पावती घरची. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागे घरचा वर्षाचा खर्च सरासरी २,८६३ रुपये निघाला, आणि बिगरसरकारी शाळेतल्या मुलामागे २५,००२. शिवाय २७ टक्के विद्यार्थी शिकवणी लावतात. म्हणजे शाळेवर विश्वास उरला नाही म्हणून शाळा बदलायची आणि बदललेल्या शाळेवरही पुरता बसला नाही म्हणून क्लास लावायचा. पुढे कॉलेज. ही कहाणी आपल्या सांगलीला चांगली ठाऊक आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. तोवर महाराष्ट्रातली पोरं देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जात. तो पैसा आणि ती पोरं इथेच राहावीत, हा त्यामागचा विचार. विचारात खोट नव्हती. त्या कॉलेजांनी शेतकऱ्यांच्या घरांतून हजारो इंजिनिअर घडवले. पण इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या, शिकवणारे मात्र तितक्या वेगाने तयार झाले नाहीत. आता पोरं पदवी तिकडे घेतात आणि ती घेऊन कर्नाटकातच येतात. मग नीलाद्री रोडवरच्या क्लासची फी भरतात. हीसुद्धा घरचीच पावती, फक्त उशिरा फाटलेली.

तिसरी पावती कंपनीची. विप्रोने १९९५ च्या सुमारास बीएस्सी झालेली मुलं घेऊन त्यांना बिट्स पिलानीच्या साथीने नोकरी करता करता शिकवायला सुरुवात केली. इन्फोसिसचं म्हैसूरचं प्रशिक्षण केंद्र ३३७ एकरांच्या आवारात आहे. तिथे एका वेळी चौदा हजारांच्या आसपास मुलं शिकू शकतात. परदेशी पाहुणे ते बघून थक्क होतात, आणि आपणही अभिमानाने फोटो पाठवतो. मी ते आवार पाहतो तेव्हा मला मात्र एक हिशोब सुचतो. साडेतीन लाखांचं वार्षिक पॅकेज धर. चार महिने प्रशिक्षण, म्हणजे कामाचा एक तासही न मिळता १ लाख १७ हजार पगार. असे दहा हजार फ्रेशर घेतले तर ११७ कोटी झाले, आणि यात राहणं, जेवण, शिकवणाऱ्यांचे पगार काहीच धरलेलं नाही. एका कंपनीचा, एका वर्षाचा हा ढोबळ हिशोब.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. प्रशिक्षणावरचा सगळाच खर्च डागडुजीचा नसतो. कंपनीची स्वतःची पद्धत असते, ग्राहकाची यंत्रणा असते, नवी तंत्रं येतात. ते जगात कुठेही नोकरीवर आल्यावरच शिकवावं लागतं. माझी तक्रार उरलेल्या भागाबद्दल आहे. टक्केवारी, तर्काने पायरी-पायरीने विचार करणं, वाचलेलं दुसऱ्याला समजावणं, चार ओळींची धड मेल लिहिणं, हे पुन्हा शिकवावं लागतं तो भाग. २००५ मध्ये नॅसकॉम आणि मॅकिन्झीच्या अहवालाने सांगितलं होतं की तांत्रिक पदवीधरांपैकी साधारण २५ टक्केच या उद्योगात थेट घेण्याजोगे आहेत. २०२३-२४ च्या आर्थिक सर्वेक्षणातही निम्म्याच्या जेमतेम वर, ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम असल्याचा अंदाज दिलेला आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे हे दोन आकडे एकापुढे एक ठेवून प्रगती मोजता येणार नाही. पण वीस वर्षं उलटून गेली तरी चर्चा त्याच वाक्यावर अडकलेली आहे.

चौथी पावती त्या पोराची स्वतःची, आणि तीच सगळ्यांत मोठी आहे.

पदवीवरचा भरवसा उडाला की काय होतं, ते बघ. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं की, चांगली गाडी कुठली आणि बिघडलेली कुठली हे गिऱ्हाइकाला बाहेरून कळत नसेल, तर तो सगळ्याच गाड्यांना पडेल भाव देतो, आणि त्यात चांगल्या गाडीचा मालक मारला जातो. आपल्या पदव्यांचं अगदी हेच झालं आहे. दहा जणांत तिघं तयारीचे आहेत, पण कोणते तिघं हे मार्कशीटवरून कळत नाही. मग कंपनी दहाही जणांना त्या सात जणांचा भाव लावते. आयटीतल्या फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळत आहे. २०१२ ला १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ मध्ये १९० च्या वर गेला. म्हणजे २०२४ चे साडेतीन लाख २०१२ च्या एक लाख ऐंशी-पंच्याऐंशी हजारांइतकेच. कंपन्या कंजूष आहेत हे एक कारण झालं, आणि ते खरंही आहे. पण पदवी काहीच सिद्ध करत नाही, म्हणून ती धरणाऱ्याला घासाघीस करता येत नाही, हे दुसरं कारण तितकंच खरं. टीसीएस एकाच पदवीच्या मुलांना स्वतःची परीक्षा घेऊन निन्जा, डिजिटल, प्राइम अशा थरांत घेते. पगार साधारण साडेतीन, सात आणि नऊ लाखांच्या पुढे. विद्यापीठाची परीक्षा जे सांगू शकली नाही ते कंपनीची काही तासांची परीक्षा सांगते, असा याचा अर्थ. सांगलीच्या हुशार पोरीची हुशारी अशी तिच्या शेजाऱ्याच्या कोऱ्या पदवीखाली दबून जाते. वाईट शिक्षणाचा कर चांगलं शिकलेल्यालाही भरावा लागतो.

आणि आता तिसरी पावती फाडणारा हात आखडतो आहे. इन्फोसिसने २०२२-२३ मध्ये पन्नास हजारांहून अधिक फ्रेशर घेतले होते, पुढच्या वर्षी ११,९००. त्या वर्षात कंपनीची माणसं जवळजवळ २६ हजारांनी घटली. मंदी आली, मग एआय आलं. जे सोपं काम देऊन आम्ही नवख्यांना हळूहळू तयार करायचो तेच काम यंत्राने आधी उचललं. २०२२ मध्ये निवडलेल्या अनेक मुलांनी ऑफर लेटर घेऊन दोन वर्षं वाट पाहिली. शेवटी रुजू होऊन म्हैसूरला गेल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यापैकी तीनशेहून अधिक जणांना घरी जावं लागलं. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत आणि ही अट करारात होती, असं कंपनीचं म्हणणं. पुण्याच्या 'नाइट्स' या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. करार कोणाच्या बाजूने होता हा वाद कायद्याचा आहे. मला दिसतो तो हिशोब: त्या मुलाच्या बापाने फी भरली, सरकारने शाळा चालवली, कंपनीने काही महिने खर्च केला, आणि शेवटी तिघांची मिळून थकबाकी पंचविशीच्या पोराच्या नावावर चढली. कंपनी शिकवून घेईल या भरवशावर कॉलेजांनी आणि कॉलेज बघून घेईल या भरवशावर शाळांनी जे वीस-पंचवीस वर्षं निभावलं, ते आता निभणार नाही.

या चौघांच्या पलीकडे एक पाचवा आहे. त्याची पावतीच फाटत नाही, म्हणून तो कुठल्या अहवालात येत नाही. तो तुझ्याच वर्गातून पुढे गेलेला. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणारा, सहावी-सातवीत वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसलेला, आठवीनंतर पटावरून नाहीसा झालेला. 'असर'ने २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी केली, तेव्हा साधारण चौथ्या हिश्शाला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा उतारा अडखळल्याशिवाय वाचता येत नव्हता. इलेक्ट्रॉनिक सिटीत हीच पोरं मला इमारतीच्या परांचीवर, हाउसकीपिंगच्या गणवेशात, सामान पोचवणाऱ्या दुचाकीवर दिसतात. जतच्या पलीकडची, विजापूर-इंडीकडची कितीतरी आहेत. आपल्यासारखंच मराठी-कानडी मिसळून बोलतात. त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. पण त्यांतल्या कोणी ते काम निवडलेलं नाही. तिसरीतच बाकीची दारं बंद झाली होती. त्यांनी काय कमावलं असतं, हा आकडा कोणत्याच ताळेबंदात बसत नाही. जागतिक बँक, युनेस्को आणि युनिसेफ यांनी २०२१ मध्ये कोविडमधल्या बंद शाळांचा हिशोब मांडला, तेव्हा जगातल्या त्या पिढीच्या आयुष्यभराच्या कमाईतले १७ लाख कोटी डॉलर बुडतील असा अंदाज काढला. शाळा बंद असली की असे अंदाज निघतात. शाळा उघडी असून शिकणं बंद असेल, तर कोण काढतं?

इथली वाहतूक तुला ठाऊक आहे. सिल्क बोर्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा खोळंबा असह्य झाला तेव्हा २०१० मध्ये जवळपास दहा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. तोही पुरेना, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळ्या मार्गावरची मेट्रो आली. गाडीत अडकलेला माणूस दिसतो, हॉर्न वाजवतो, साहेबांची मीटिंग चुकते. म्हणून पैसे उभे राहतात. तिसरीत अडकलेलं पोर हॉर्न वाजवत नाही.

आता तुझा प्रश्न. "म्हणजे शेवटी खापर आमच्याच डोक्यावर ना?" हे तू मनात म्हणतेच आहेस.

नाही, आणि थोडं होही. २००३ मध्ये मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या शाळांना न सांगता भेटी देऊन मोजलं, तर चारांतला एक शिक्षक जागेवर नव्हता. महाराष्ट्राचं प्रमाण सर्वांत कमी, १५ टक्क्यांच्या आत होतं, हे आधी ऐक आणि मग रागाव. २०१० मध्ये कार्तिक मुरलीधरन वगैरेंनी तशीच पाहणी पुन्हा केली आणि गैरहजेरीची किंमत वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर काढली. या आकड्यावरून शिक्षकांना झोडपणं सोपं असतं. पण २०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांतल्या ६१९ शाळांत जाऊन खोलात चौकशी केली. शाळेत नसलेले शिक्षक १८.५ टक्के निघाले, पण त्यांतले बहुतेक रजेवर किंवा सरकारी कामावर होते. विनाकारण गायब फक्त २.५ टक्के. 

तेव्हा शिक्षक पळतो असं म्हणण्यापेक्षा त्याला पळवतात म्हणणं अधिक खरं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक कामं लावायला मनाई केली आहे. त्या कलमातून उरलेल्या फटींत तुझे किती दिवस जातात, ते तूच सांगत असतेस: मतदार याद्या, सर्वेक्षणं, खिचडीच्या नोंदी, रोज एक नवी लिंक भरायची. तुझी शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार. एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांच्या, बैठकीला गेला की उरलेल्या एकीने चारही वर्ग सांभाळायचे, त्याला शिकवणं म्हणता येत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नोकरीतल्या शिक्षकांवरही टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, टांगती तलवार आणली.

'थोडं होही' म्हणालो ते वर्गातल्या एका सवयीबद्दल. आपली सगळी व्यवस्था पाठ्यपुस्तक संपवण्यावर चालते. जून ते एप्रिल धडे पुढे सरकतात, मूल जिथे अडकलं तिथेच राहतं, आणि 'अभ्यासक्रम पूर्ण' असा शेरा मात्र वेळेवर जातो. तपासायला येणारा साहेब पुस्तक किती झालं हे विचारतो, वाचता कोणाला येतं हे विचारत नाही. म्हणून शिक्षकही ते विचारायचं सोडून देतो. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात पुढे नेमकं हेच होतं. एटीकेटीने वर्ष ढकललं जातं, पोर्शन संपतो, पोर अडकलेलंच राहतं. माझ्यासमोर मुलाखतीला बसलेल्या पोराचा खोळंबा तिसरीतला असतो, हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. उतारा वाचून नियम सांगता न येणं ही तिसरी-चौथीचीच गोष्ट आहे.

याच्यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम'ने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुली, महिना पाचशे-साडेसातशे रुपये मानधन. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवायचं आणि वाचन, अंकओळख, बेरीज-वजाबाकी एवढंच पक्कं करून घ्यायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी शाळांची तुलना करून मोजलं: मुलं खरंच पुढे गेली, सर्वांत मागे असलेली सर्वांत जास्त. खर्च मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, म्हणजे त्या वेळचे शंभरेक रुपये. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल बॅनर्जी, डफ्लो आणि गैरहजेरी मोजणारे ते क्रेमर यांना मिळून मिळालं. महागाई धरून आज तो खर्च दहापट, हजार रुपये धर. एका बाजूला तिसरीच्या मुलामागे हजार रुपये, दुसऱ्या बाजूला बाविशीच्या पोरामागे चार महिन्यांचा नुसता पगार एक लाख सतरा हजार. हजार रुपयांनी प्रत्येक मूल इंजिनिअर होईल असा भाबडा दावा मी करत नाही. पण उशिराने शिकवण्याची किंमत शंभरपटींच्या घरात जाते, हे मोजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून लोकवर्गणीचं स्पष्टच लिहितो. बंगळूर-पुण्याला नोकरी करणाऱ्या गावच्या सगळ्यांकडे निरोप आला आहे की शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधायची आणि मोठा स्मार्ट टीव्ही घ्यायचा. कमानीवर देणाऱ्यांची नावं येतील, हेही कळवलं आहे. मी कमानीला पैसे देणार नाही. वाईट वाटेल, सरपंच दोन शब्द बोलतील, तू ऐकून घे. तेच पैसे मी गावातल्या बारावी झालेल्या एखाद्या मुलीच्या मानधनासाठी वर्षभर दरमहा पाठवतो. तिने शाळेच्या वेळात रोज दोन तास फक्त अडकलेली मुलं घ्यायची. पुस्तक संपवायची जबाबदारी तिच्यावर नाही, शेरे तिच्याकडे नाहीत. आणि सर्वेक्षण आलं की तिला त्यात जुंपायचं नाही, ही माझी अट. तुझ्या सहकारी गुरुजींना हे पटणार नाही, बाहेरची मुलगी वर्गात कशाला, म्हणतील. त्यांना सांग, ती तुमच्या जागी नाही. तुम्हाला चार वर्गांत वाटून टाकल्यावर जी जागा रिकामी राहते तिथे ती आहे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याची सरकारची जबाबदारी तिच्यामुळे संपत नाही, तेव्हा ती मागणी सोडायची नाही.

दुसरं काम बिनपैशाचं आहे, पण जास्त अवघड. शाळेच्या फळ्यावर रोज पट आणि हजेरी लिहिता, त्याच्या शेजारी महिन्यातून एकदा एक आकडा लिहायचा: तिसरी-चौथीतल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो. नावं नकोत, फक्त आकडा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत हा ठराव मांड. सुरुवातीला तो आकडा लाजिरवाणा येईल, आणि पहिले चार महिने लोक तुलाच धारेवर धरतील. पण मग कोणीतरी विचारेल, बाई आठवड्यात दोन दिवस तहसीलला का असतात? रिकाम्या जागा का भरत नाहीत? ऊसतोडीला गेलेल्या पोरांची सोय का होत नाही? हे प्रश्न तू एकटीने विचारलेस तर ती कामचुकारपणाची तक्रार ठरते. आईबापांनी आकडा हातात घेऊन विचारले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल. निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे असं म्हटलंच आहे. तेव्हा तू काही जगावेगळं मागत नाहीस, सरकारने कबूल केलेलंच मोजते आहेस.

तू मला शिकवलंस तेव्हा तुझ्या वर्गात स्मार्ट टीव्ही नव्हता, मला वाचता येईपर्यंत तू उठू मात्र दिलं नव्हतंस. जानेवारीत रजा काढून येतो आहे. मानधनाचे पहिले सहा महिन्यांचे पैसे बरोबर आणतो. तू तोवर मुलगी शोध आणि सभेची तारीख धरून ठेव. सरपंचांना मीही भेटेन.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळूर